रक्तदाबासाठी संगीत कसं ऐकावं: लय, आवाज, श्वास आणि मधली शांतता

‘बीपीला अमुक राग, निद्रानाशाला तमुक राग’ अशा याद्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. त्यांत रागाचं नाव असतं, पण कोणत्या लयीत, किती मोठ्या आवाजात आणि किती वेळ ऐकायचं याबद्दल अवाक्षर नसतं. हृदयावरचा जो परिणाम यंत्रानं मोजता येतो तो मुख्यतः याच गोष्टींवर ठरतो.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी २४ जणांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं. त्यात पाश्चात्त्य अभिजात होतं, रॅप होतं, टेक्नो होतं आणि एक भारतीय रागही होता. निम्मे श्रोते संगीत शिकलेले होते. लय जलद झाली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत गेले. संगीताचा प्रकार कोणता, हे त्यामानानं गौण ठरलं. संगीतात मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली तेव्हा मात्र नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली उतरले. शिकलेल्या श्रोत्यांचा श्वास लयीच्या मागे जास्त धावतो, हेही त्यात दिसलं. म्हणजे जाणकार कानसेनांनी लयीची निवड इतरांपेक्षा अधिक जपून करायला हवी.

दरबारी कानड्याचं नाव या याद्यांमध्ये हमखास असतं. त्याचं कारण उघड आहे. त्याची प्रकृतीच संथ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात रमणारी, त्यामुळे तो बहुधा विलंबितात, म्हणजे संथ लयीत ऐकला जातो. त्याच दरबारीतला द्रुत, म्हणजे जलद लयीतला तराणा लावा, नाडी चढेल.

अपेक्षा किती ठेवायची

थोडीच. शांत संगीत आणि संथ श्वास यांनी वरचं बीपी काही पॉइंटनं उतरतं, तेही नियमित ऐकलं तर. कॉक्रेन या संस्थेनं २०१३ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या २६ चाचण्यांचा, म्हणजे १,३६९ रुग्णांचा आढावा घेतला. संगीतामुळे चिंता कमी होते, विशेषतः हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांची, आणि रुग्णानं स्वतः निवडलेलं संगीत असेल तर जास्त, असं त्यात आढळलं. नाडी आणि वरचं बीपीही थोडं उतरलं. पण बऱ्याच चाचण्यांचा दर्जा कमकुवत होता, हेही आढाव्यात स्पष्ट म्हटलं आहे. धमन्यांतला अडथळा संगीतानं विरघळत नाही, कोलेस्टेरॉल कमी होत नाही. गोळी, मीठ, चालणं आणि तंबाखू सोडणं यांच्या जोडीला हे करायचं आहे. बीपी खाली दिसू लागलं म्हणून गोळी स्वतःच्या मनानं कमी करणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

शरीरात काय घडतं

हृदयाचे ठोके ज्या गाठीतून सुरू होतात तिच्यावर व्हेगस मज्जातंतूचा लगाम असतो. उच्छ्वासात तो आवळला जातो आणि ठोके मंदावतात, श्वास घेताना सैल होतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबमापक पेशी रक्तदाब वाढल्याची खबर मेंदूला देतात आणि मेंदू ठोके व धमन्यांचा ताण सुधारतो. या फेऱ्याचा एक स्वाभाविक ताल आहे, सुमारे १० सेकंदांचा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की श्वास आणि हा फेरा जुळतात आणि यंत्रणा अधिक तत्परतेनं काम करते. बेर्नार्दींच्याच २००१ च्या अभ्यासात जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ या दोन्हींच्या पठणानं श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला होता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण एका आवर्तनाची लांबी सारखी.

याउलट अचानक मोठा आवाज, ताशाची झड किंवा सतारीवरचा चढत जाणारा ‘झाला’ (वादनाचा शेवटचा जलद भाग) ॲड्रेनलिन वाढवतात. त्यात गंमत आहे, धोका सहसा नाही. पण विश्रांतीसाठी ते वापरू नये.

आधी बीपी नीट मोजा

चुकीच्या मोजमापावर संगीताचं श्रेय किंवा दोष ठरवता येत नाही. घरी दंडाला बांधायचं स्वयंचलित यंत्र हवं, मनगटावरचं टाळा. दंडाचा घेर टेपनं मोजा. बहुतेक यंत्रांसोबत येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो. दंड जाड असून पट्टा लहान असेल तर बीपी खोटंच जास्त दिसतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पाय एकमेकांवर न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. बाही वर सरकवली तर ती दंडाला आवळते, म्हणून दंड उघडा ठेवा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा जास्त राहत असेल तर तो उच्च रक्तदाब धरतात.

पहिला आठवडा संगीत नाहीच. रोज सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपण्याच्या आधी फक्त नोंद करा. पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी हा तुमचा पाया. हा आठवडा गाळावा असं सगळ्यांना वाटतं, पण तो गाळला तर पुढच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

काय ऐकायचं: बंदिशीपेक्षा लय निवडा

लय मोजायची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग लावा, पाय आपोआप ज्या ठोक्यावर पडतो ते ठोके १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. मिनिटाला ७० पर्यंत चालेल, ५० ते ६० उत्तम. ठोका जाणवतच नसेल, म्हणजे आलाप किंवा नुसता तानपुरा, तर आणखी चांगलं.

इथे विलंबित ख्यालाची एक मेख आहे. अतिविलंबित एकतालात एक मात्रा, म्हणजे तालाचं एक माप, चार सेकंदांचीही असते, बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाहून जास्त चालतं. कागदावर ती मिनिटाला १५ मात्रांची लय. पण तबलजी मधल्या जागा भरतो, ‘तिरकिट’ सारखं कानावर पडतं, आणि पाय हलतो तो त्या भरीवर. म्हणून शास्त्रातली मात्रा न मोजता पायानं पकडलेला ठोका मोजा. भरीव ठेका असलेलं रेकॉर्डिंग तुम्हाला उत्तेजित करत असेल तर ते शांततेच्या यादीतून काढा, गायक कितीही मोठा असो.

दुसरी मेख मैफलीच्या रचनेत आहे. बडा ख्याल संथ सुरू होतो, बोल-आलाप, मग ताना (भराभर घेतलेल्या सुरांच्या ओळी), मग छोटा ख्याल, शेवटी तराणा. वाद्यसंगीतात आलाप, जोड, झाला. मैफल रंगावी म्हणूनच ती चढत जाते. तुम्हाला मात्र पहिला भाग हवा आहे. एक तासाचं रेकॉर्डिंग घ्या, जिथे ताना सुरू होतात ती वेळ लिहून ठेवा आणि त्याआधीच बंद करा. फोनवर फाइल कापता येत असेल तर पहिली २० मिनिटं वेगळी साठवा. अर्ध्यावर गाणं तोडणं रसिकाला जिवावर येतं. संपूर्ण मैफल दुसऱ्या वेळी, मजेसाठी ऐकावी.

कुणाचं ऐकावं? संथ, एकेका सुरावर थांबणारी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, ही किराणा घराण्याची ओळख. इंदूर घराण्याचे अमीर खाँ यांचा झुमरा या १४ मात्रांच्या तालातला अतिविलंबित ख्याल या कामासाठी जवळजवळ बेतल्यासारखा आहे. ध्रुपदाचा आलाप, रुद्रवीणा, बासरीचा आलापही चालतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र इथे फारशा कामाच्या नाहीत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे सगळं आटोपशीर आणि बहुधा जलद लयीत.

शास्त्रीय आवडत नसेल तर जबरदस्ती नको. न आवडणारं संगीत कितीही संथ असलं तरी चिडचिडच होते. संथ भावगीत, अभंग, पियानो, नुसता तानपुरा, काहीही चालेल, पण तीन अटी: लय ७० च्या आत, आवाजात अचानक चढउतार नाहीत, आणि शब्दांशी कुठलं दुःख जोडलेलं नाही. गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं संथ असूनही छातीत कालवाकालव करतं. त्यासाठी वेगळी वेळ ठेवा. टाळ-मृदंगाच्या गजराचं भजनही या यादीत नको, त्याची जागा पुढे चालण्यात आहे.

२५ मिनिटांची बैठक

१. वेळ ठरलेली असावी. संध्याकाळी जेवणाआधी किंवा जेवल्यावर दोन तासांनी. आठवड्यातून किमान पाच दिवस.

२. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. फाइल आधी डाउनलोड करून ठेवा, ऑटोप्ले बंद करा. आलापाच्या मधोमध कर्कश जाहिरात आली की दहा मिनिटांची मेहनत एका क्षणात वाया जाते. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त बैठका याच कारणानं बिघडतात.

३. इयरफोनपेक्षा छोटा स्पीकर बरा, दीड-दोन मीटरवर ठेवा. आवाज इतकाच की हाताच्या अंतरावरच्या माणसाशी सूर न चढवता बोलता यावं. हे साधारण ५० ते ६० डेसिबल होतात. फोनवरची डेसिबल ॲपं थोडी इकडेतिकडे दाखवतात, अंदाजाला पुरतात.

४. पाठ टेकून बसा किंवा उशी घेऊन पहुडा. पहिली पाच मिनिटं काहीच करायचं नाही. श्वास जसा आहे तसा.

५. पुढची दहा मिनिटं श्वास संथ करा: नाकानं ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. सेकंद मोजणं कटकटीचं वाटत असेल तर तानपुऱ्याचं ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा वापरा. चार तारांचं एक आवर्तन ५ सेकंदांचं होईल इतका वेग ठेवा. एका आवर्तनात श्वास आत, पुढच्यात बाहेर. मिनिटाला बरोबर सहा होतात. तानपुरा आणि ख्याल एकदम लावू नका, दोन्हींचे षड्ज (सा) जुळले नाहीत तर कानाला त्रास होतो.

६. श्वास खोल ओढू नका, फक्त सावकाश घ्या. गरगरलं, ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर हवा गरजेपेक्षा जास्त घेतली जाते आहे. श्वास उथळ करा किंवा मिनिटाला आठवर या. श्वास रोखून धरायचा नाही. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) किंवा हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेल्यांनी संथ श्वासाचा भाग डॉक्टरांना विचारूनच करावा. नुसतं ऐकायला हरकत नाही.

७. मग संगीत बंद. दोन ते तीन मिनिटं पूर्ण शांतता, डोळे मिटलेले. हा टप्पा लोक हटकून गाळतात, आणि पावियाच्या प्रयोगात आकडे सगळ्यात खाली गेले ते इथेच. संगीत हळूहळू कमी करत नेलंत तर उत्तम.

८. पुन्हा पाच मिनिटं साधं ऐका किंवा तसेच बसून राहा. उठताना घाई नको. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

गाडी चालवताना हे करू नये, हे वेगळं सांगायला नको.

आकडे कसे वाचायचे

बैठक संपल्याबरोबर मोजलेलं बीपी खाली दिसणारच, पंचवीस मिनिटं नुसतं बसलं तरी दिसतं. त्यावर खूश होऊ नका. कसोटी आहे ती रोजच्या सकाळ-रात्रीच्या नोंदीची. चार आठवड्यांनी शेवटच्या आठवड्याची सरासरी पहिल्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. एका वेळच्या दोन मोजण्यांतच ५ ते १० पॉइंटचा फरक सहज पडतो, म्हणून सुट्या आकड्याला महत्त्व देऊ नका. या चार आठवड्यांत गोळी बदलली, मीठ सोडलं किंवा चालणं वाढवलं असेल तर तसं वहीत लिहा, नाहीतर श्रेय भलत्यालाच जातं. सरासरी हलली नाही पण झोप सुधारली, संध्याकाळची धडधड कमी झाली, तर चालू ठेवा. वही डॉक्टरांना दाखवा. दिवसातून आठ-दहा वेळा मोजणारा माणूस मोजण्याच्या काळजीनंच बीपी वाढवून घेतो.

मनगटी घड्याळातली नाडी शांत बसल्यावर बरीचशी खरी असते. पण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोकेच अनियमित असतात, तिथे घड्याळाचा आकडा आणि ‘लयीला नाडी जुळली का’ हा खेळ दोन्ही निरर्थक.

चालताना उलटं गणित

व्यायामात जलद लय मदत करते: तेवढाच व्यायाम कमी कष्टाचा वाटतो आणि माणूस जास्त वेळ टिकतो. मिनिटाला १०० पावलं ही मध्यम वेगाच्या चालीची ढोबळ खूण. म्हणून चालण्यासाठी १०० ते १२० ठोक्यांची गाणी निवडा, पावली घालता येईल असा भजनी ठेका त्यात बसतो. पहिली पाच मिनिटं ८०–९० ची लय, मधली वीस मिनिटं जलद, शेवटची पाच पुन्हा संथ. एकदम थांबू नका.

लयीच्या भरात स्वतःची मर्यादा ओलांडली जाते, हा इथला धोका. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढाच जोर ठेवा. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही. त्यांनी घड्याळाकडे न बघता या बोलण्याच्या कसोटीवरच भिस्त ठेवावी. रस्त्यावर एकच कान झाका.

मोठा आवाज, मिरवणूक आणि पेसमेकर

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास चालतात. ९० डेसिबलला ही मुभा ४ तासांवर येते. ही मर्यादा कानांसाठी आहे. हृदयाचा त्रास त्याहून खालच्या पातळीला सुरू होतो, विशेषतः झोपेत: रस्त्यावरच्या रहदारीच्या सततच्या आवाजाचा संबंध हृदयविकाराशी जोडला गेला आहे. आपल्याकडच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहिलं तर १०० सहज ओलांडतात.

विसर्जनाच्या दिवशी घरात हृदयरुग्ण असेल तर रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत त्यांची झोपायची सोय करा, खिडक्या बंद ठेवा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, पण अरुंद गल्लीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही. फोमचे कानबोळे पिळून, कान वर ओढून, खोलवर बसवले तरच उपयोगी. खर्जाचा दणका तरीही छातीत जाणवतो, त्यावर अंतर हाच उपाय. तक्रारीसाठी ११२.

पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर झटका देऊन ते सुधारणारं यंत्र) बसवलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. हेडफोन-इयरफोनमध्ये प्रभावी चुंबक असतं. कानात असताना काही होत नाही. ते गळ्यात लोंबकळत छातीवर आले, शर्टाच्या खिशात ठेवले किंवा झोपेत छातीखाली आले, आणि यंत्रापासूनचं अंतर ३ सेंटिमीटरहून कमी झालं, तर यंत्राच्या कामात अडथळा येऊ शकतो. बाजूला केल्यावर बहुतेक वेळा ते पूर्ववत होतं. फोन आणि स्मार्ट घड्याळ १५ सेंटिमीटर दूर ठेवावं. यंत्र सहसा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतं, तेव्हा फोन उजव्या कानाला लावा आणि वरचा खिसा विसरा.

रुग्णालयात

अँजिओग्राफी किंवा शस्त्रक्रियेच्या आधीची तास-दोन तासांची वाट ही संगीताची खरी उपयोगाची जागा. यादी रुग्णानं स्वतः, आदल्या दिवशी करावी. नातेवाइकांनी ‘यांना हेच आवडतं’ म्हणून ठरवू नये. हेडफोन हलका, आवाज कमी आणि नर्स बोलली तर ऐकू यायला हवा. अतिदक्षता विभागात आधी परवानगी घ्या. एका वेळी २० ते ३० मिनिटं पुरे.

संगीत बंद करून फोन उचलायची वेळ

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, ते दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम फुटणं, धाप, चक्कर: अशा वेळी शांत संगीत लावून बघू नका. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवाही असू शकतो. १०८ ला फोन करा. यंत्रात १८०/१२० च्या वर आकडा आला आणि यातलं काही लक्षण सोबत असेल तरीही तेच. लक्षण नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तितकंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छाती दाबायला सुरुवात करा. गती मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, छातीच्या मधोमध, माणूस कठीण जमिनीवर. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. गती हाताला आधीच बसावी म्हणून तबल्याच्या ॲपवर ११० ची लय लावून घरच्या सगळ्यांनी उशीवर दोन-दोन मिनिटं सराव करावा. दोन मिनिटांत हात किती थकतात हे तेव्हाच कळतं, आणि खऱ्या वेळी दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो तो त्याचसाठी.